नाद मोठा, थैली लहान

मराठवाड्यांत गोदावरीच्या उत्तर तीरावर शहागड हें गांव आहे. आज तें जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत मोडतें. धुळे-सोलापूर महामार्ग येथें नदी ओलांडतो आणि पलीकडे बीड जिल्हा लागतो. वरच्या अंगाला पैठण, म्हणजे एकनाथांचें गांव. या गोदातीरावर विजेचा दिवा येण्यापूर्वीं कित्येक शतकें कीर्तनें होत आलीं. नदीकांठच्या मोकळ्या जागेंत शेंकडों माणसें बसलेलीं, वारा वाहता, आणि बोलणारा एक. त्याचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावयाचा कसा?

वारकरी संप्रदायानें या प्रश्नाचें उत्तर फार सुंदर शोधून काढलें होतें. बुवा अभंगाचा चरण म्हणत. मागें उभे असलेले टाळकरी तोच चरण उचलून धरीत, पखवाज त्याला ठेका देई, आणि एका गळ्यांतून निघालेला बोल वीस गळ्यांच्या बळानें दूरवर जाई. यांत दोन अटी होत्या. टाळकऱ्यांनीं बुवांचा सूर सोडावयाचा नाहीं, आणि ऐन भरांत त्यांचा दम तुटावयाचा नाहीं. अल्प बळाच्या मूळ नादाला परक्या, मोठ्या बळाची जोड द्यावयाची. परंतु त्या नादाचें रूप तिळमात्र बदलूं द्यावयाचें नाहीं. ज्या यंत्राला आज अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात, त्याचें सारें शास्त्र या दोन अटींत आलें.

आज शहागडासारख्या गांवांतील एखाद्या शिक्षकाच्या घरीं काय, किंवा पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत काय, संगीताची आवड असलेला गृहस्थ पै-पै सांठवून चांगले दोन स्पीकर घेतो, आणि मग त्याच्या ध्यानांत येतें कीं हे स्पीकर मोठे हट्टी आहेत. साध्या अ‍ॅम्प्लिफायरला ते दाद देत नाहींत. तबल्याचा डग्गा पोकळ वाजतो आणि तार षड्जावर आवाज फाटतो. थैलींत तर थोडेच पैसे उरलेले असतात. त्यानें आतां कोणतें यंत्र घ्यावें? हा प्रश्न दुकानांतला दिसतो खरा, पण त्याचें मूळ सवाशें वर्षांच्या इतिहासांत आहे, आणि तो इतिहास नीट पाहिला असतां उत्तरहि त्यांतच सांपडतें.

१९०४ सालीं इंग्लंडांत जॉन अ‍ॅम्ब्रोझ फ्लेमिंग यांनीं दोन ध्रुवांचा व्हॉल्व्ह तयार केला. पुढील दोन-तीन वर्षांत अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं त्यांत एक बारीक जाळी बसविली, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा जन्म शक्य झाला. ही जाळी काय करते, हें शेतकऱ्याला चटकन् समजेल. मोटेचें पाणी थारोळ्यांतून पाटांत येतें, आणि दारें धरणारा माणूस खोऱ्याभर मातीनें त्या पाण्याला वाट करून देतो किंवा तें अडवितो. पाणी विहिरीचें, बळ बैलांचें. त्याच्या हाताची फक्त खूण. तसेंच येथें आहे. तबकडीवरून किंवा रेडिओवरून आलेला विजेचा क्षीण प्रवाह म्हणजे दारें धरणाऱ्याचा हात, आणि स्पीकरला हलविणारें खरें बळ घरच्या विजेंतून, ट्रान्स्फॉर्मरच्या वाटेनें आलेलें. विहिरींत पाणीच नसेल तर दारें धरणारा कितीहि कुशल असो, वाफा कोरडाच राहणार. पुढच्या सर्व इतिहासाची किल्ली या साध्या गोष्टींत आहे.

आरंभींचे व्हॉल्व्ह फार दुबळे होते. त्यांचें बळ कांहीं थोड्या वॅटांचें. तरीहि त्यांवर मोठीं नाट्यगृहें भरलीं, याचें श्रेय कर्ण्याला आहे. कर्णा थोड्या शक्तींत पुष्कळ आवाज काढतो. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट लागला, त्या काळच्या चित्रगृहांत पडद्यामागें असे मोठे कर्णेच असत. १९३० नंतर राष्ट्रीय सभेच्या विशाल अधिवेशनांत नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ कंपनीनें जे ध्वनिक्षेपक उभे केले, त्यांतहि कर्ण्याचाच उपयोग होता. गांवोगांवच्या देवळांवर व लग्नमंडपांवर पुढें जो भोंगा चढला, तो त्याच कुळांतला. परंतु कर्ण्याला दोन दोष असत. मंद्र स्वर हवे असतील तर त्याचा आकार खोलीएवढा होई. आणि लहान ठेवला तर आवाज नाकांतून निघाल्यासारखा येई. घरांत तो शोभणारा नव्हता.

घरासाठीं निराळा मार्ग १९२५ सालीं अमेरिकेंत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनीं दाखविला. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें लहानसें वेटोळें, त्याला जोडलेला कागदाचा शंकु, आणि समोर एक फळी, अशी ती रचना. आजहि जगांतले बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. आवाज गोड व मोकळा झाला, परंतु त्याची किंमत विजेनें मोजावी लागली. कर्ण्यापेक्षां ही रचना कितीतरी उधळी आहे; दिलेल्या शक्तीचा शंभरावा हिस्सासुद्धां नाद होऊन बाहेर पडला तरी पुष्कळ, बाकीची उष्णता होऊन जाते. यामुळें अ‍ॅम्प्लिफायरवरचा बोजा प्रथमच वाढला.

त्या वेळीं शहागड निझामाच्या हैदराबाद संस्थानांत, औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. संस्थानची नभोवाणी स्वतंत्र होती. तिचीं हैदराबाद व औरंगाबाद येथील केंद्रें १९५० सालीं आकाशवाणींत सामील झालीं. जेथें वीज नव्हती त्या गांवीं बॅटरीवर चालणारे रेडिओ असत. अशा रेडिओचा वॅटभर आवाज चौकांतल्या मंडळींना पुरत असे. माळवदाच्या जाड मातीच्या भिंती, सायंकाळची शांतता, आणि ऐकणाऱ्यांचें चित्त एकाग्र. तेव्हां यंत्राचा दुबळेपणा कोणाला खटकत नव्हता. गरज ही केवळ वॅटांवर ठरत नसून ऐकण्याच्या जागेवरहि ठरते, हा या काळाचा धडा आहे.

यानंतर नादाच्या शुद्धतेकडे शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें. २ ऑगस्ट १९२७ रोजीं बेल प्रयोगशाळेंतील हॅरोल्ड ब्लॅक कामावर जात असतां हडसन नदीच्या नावेंत त्यांना एक युक्ति सुचली, आणि ती त्यांनीं हातांतल्या वर्तमानपत्राच्या पानावरच टिपून ठेवली. अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर आलेल्या आवाजाचा कांहीं अंश उलटा करून पुनः आंत सोडावयाचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच सुधारीत जातें, अशी ती युक्ति. चांगला गायक तानपुऱ्यावर कान ठेवून आपला स्वर सारखा दुरुस्त करीत असतो, त्यासारखेंच हें. तिच्यामुळें अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरवरील पकडहि घट्ट झाली. शंकु हलावयाचा तेथें हलूं लागला आणि थांबावयाचा तेथें थांबूं लागला. एप्रिल १९४७ मध्यें इंग्लंडच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत डी. टी. एन. विल्यमसन यांनीं याच युक्तीवर आधारलेला १५ वॅटांचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि जगभरच्या हौशी लोकांनीं तो घरीं बांधून पाहिला. पंधरा वॅट म्हणजे त्या काळीं घरासाठीं ऐश्वर्य होतें.

मग हे पंधरा वॅट अपुरे कां पडूं लागले? याचें उत्तर १९५४ सालांत आहे. त्या वर्षीं अमेरिकेंत एडगर व्हिल्चर यांनीं हवाबंद पेटीचा ‘ए. आर.-१’ हा स्पीकर बाजारांत आणला. पूर्वीं कपाटाएवढ्या पेटींतून जो मंद्र नाद निघे, तो आतां पुस्तकाच्या फळीवर मावणाऱ्या पेटींतून निघूं लागला. शहरांतलीं घरें लहान होत चाललीं होतीं. गृहिणीला तें कपाट नकोच होतें. परंतु निसर्ग कोणाला फुकट कांहीं देत नाहीं. पेटी लहान करावी आणि मंद्र स्वरहि राखावा, तर स्पीकरची कार्यक्षमता घटते. जी जागा वांचली, तिचें भाडें अ‍ॅम्प्लिफायरनें वॅटांच्या रूपानें भरावें, असा हा सौदा झाला. १९५८ सालीं स्टिरिओच्या तबकड्या विक्रीस आल्या. ही कल्पना ब्रिटिश अभियंते अ‍ॅलन ब्लूमलाइन यांनीं १९३१ सालींच पेटंटासाठीं मांडली होती. आतां एकाच्या जागीं दोन स्पीकर आणि दोन अ‍ॅम्प्लिफायर लागूं लागले, म्हणजे खर्चहि दुप्पट.

हट्टाचा दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. स्पीकर विजेला जो अडथळा करतो तो ओहम या मापानें मोजतात. पाठीमागच्या चिठ्ठीवर ‘८ ओहम’ लिहिलेलें असलें तरी तो आंकडा ढोबळ असतो. कोठल्या स्वरावर तो वीस होतो, तर कोठल्या स्वरावर तीन-चारावर येतो. १९५७ सालीं इंग्लंडांत पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीनें विद्युत्-स्थितिक तत्त्वावरचा स्पीकर काढला. त्याच्या निर्मळ आवाजाचें कौतुक आजहि होतें. परंतु अत्युच्च स्वरांवर त्याचा अडथळा दोन ओहमच्या आसपास उतरे. अडथळा निम्मा झाला कीं त्याच दाबाला दुप्पट प्रवाह द्यावा लागतो. २० व्होल्टांचा दाब घेतला तर आठ ओहमला अडीच अँपिअर पुरतात, चार ओहमला पांच लागतात, आणि दोन ओहमला दहा. ज्या यंत्राच्या पोटांत तेवढा प्रवाह नाहीं, तें अशा जागीं धापा टाकूं लागतें. टाळकऱ्याचा दम तुटावा तसाच हा प्रकार.

या अडचणीच्या काळांतच व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आला. डिसेंबर १९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेंत त्याचा शोध लागला. घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमध्यें तो १९६० नंतर रुळला. प्रथमचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेला फार भीत. अवघड स्पीकरला जोडले कीं कित्येकदां जळूनच जात. पुढें सिलिकॉनचे आले तेव्हां निभाव लागला. भारतांत १९५४ सालीं स्थापन झालेल्या बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें १९६१ पासून व्हॉल्व्ह व १९६२ पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तयार करण्यास आरंभ केला. परदेशी यंत्रांवर आयातीचे कडक निर्बंध होते, आणि ते १९९१ नंतर हळूहळू सैल झाले. या मधल्या काळांत कॉस्मिक, सोनोडाइन यांसारख्या देशी कंपन्यांचे स्टिरिओ संच मध्यमवर्गीय घरांत आले. ज्यांना तेहि परवडत नसत ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत जाऊन सुटे भाग आणीत आणि एखाद्या माहितगार कारागिराकडून संच जुळवून घेत. त्या कारागिराचा पहिला प्रश्न बहुधा ट्रान्स्फॉर्मर केवढा घालावयाचा, हा असे. विहीर किती खोल, हें त्यानें आधीं पाहिलेलें असे.

दुर्दैवानें बाजाराला विहीर दाखवावयाची नसते. त्याला आंकडा दाखवावयाचा असतो. वॅटांच्या जाहिरातींत इतकी अतिशयोक्ति माजली कीं अमेरिकेच्या व्यापार आयोगाला १९७४ सालीं त्यासाठीं नियम करावा लागला. भारतांत १९९० नंतरच्या दशकांत ‘पी. एम. पी. ओ.’ या अक्षरांखालीं शेंकडों, हजारों वॅटांचे आंकडे प्लास्टिकच्या पेट्यांवर झळकत. त्यांतील खरे वॅट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असत. काटकसर करणारा गृहस्थ नेमका येथेंच फसतो, कारण त्याला वाटतें कीं थोड्या पैशांत पुष्कळ वॅट मिळाले म्हणजे सौदा साधला.

खरा सौदा कसा असतो, याचें उदाहरणहि इतिहासांत आहे. १९७८ सालीं ‘नॅड ३०२०’ नांवाचा एक साधा, स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर बाजारांत आला. एरिक एड्व्हर्डसेन यांनीं त्याची रचना केली होती. पाटीवर आठ ओहमला अवघे २० वॅट लिहिलेले. रूपहि करड्या रंगाचें, अगदीं बेताचें. परंतु क्षणापुरती गरज पडली तर तो त्याच्या दुप्पट शक्ति देई, आणि चार व दोन ओहमच्या भारालाहि डगमगत नसे. मोठ्या आंकड्यांचीं कित्येक यंत्रें जेथें अडखळत, तेथें हा वीस वॅटांचा गडी गाडी ओढून नेई. त्याच्या कर्त्यानें पैसा दिव्यांवर व बटणांवर न घालतां प्रवाहाच्या तरतुदीवर घातला होता. वीस हा आंकडा लहान होता, पण खरा होता.

आतां हा इतिहास गृहस्थाच्या वहींत मांडून पाहावा. समजा, स्पीकरची क्षमता एका वॅटला, एक मीटर अंतरावर, ८४ डेसिबेल आहे. म्हणजे तो हट्टी जातीचा आहे. सभागृहांतल्या १०० डेसिबेलच्या कर्ण्याशीं बरोबरी करावयाची तर त्याला चाळीसपट शक्ति लागेल. परंतु घरांत सभागृह भरावयाचें नसतें. तीन मीटरांवर बसून दोन स्पीकरांवर गाणें ऐकतांना सरासरी आवाजाला प्रत्येकीं अर्धा वॅटसुद्धां लागत नाहीं. मात्र डग्ग्यावरची थाप किंवा गायकाचा ऐन तार सप्तकांतला स्वर सरासरीच्या वर वीस डेसिबेल उसळी घेतो, आणि वीस डेसिबेल म्हणजे शंभरपट शक्ति. अशा क्षणीं तीसेक वॅट लागतात. तेव्हां खऱ्या तीस-चाळीस वॅटांचा, आणि चार ओहमला जवळजवळ दुप्पट शक्ति देणारा अ‍ॅम्प्लिफायर साधारण घराला पुरेसा होतो. पन्नासाच्या जागीं शंभर वॅट घेतले तर लाभ फक्त तीन डेसिबेलांचा; कानाला तो जेमतेम जाणवतो, थैलीला मात्र चांगलाच जाणवतो.

स्पीकरच्या आंकड्यांतहि एक मेख असते. पुष्कळ ठिकाणीं क्षमता एका वॅटला न देतां २.८३ व्होल्टांना देतात. आठ ओहमच्या स्पीकरला तो एकच वॅट होतो, पण चार ओहमच्या स्पीकरला दोन वॅट होतात. म्हणून चार ओहमच्या स्पीकरवर ८७ लिहिलें असेल, तर खऱ्या हिशेबानें तो ८४ चाच होय. या तीन डेसिबेलांच्या भुलीवर कित्येकांचे हिशेब चुकले आहेत.

मराठवाड्यांतल्या गृहस्थाला आणखी एक हिशेब करावा लागतो. घरीं येणारी वीज २३० व्होल्टांची असावयाची. पण भार वाढला कीं खेड्यांत ती उतरते. ती १८० वर आली तर जुन्या, साध्या रचनेच्या अ‍ॅम्प्लिफायरची शक्ति साठ टक्क्यांवर येते, कारण शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलते. विहीरच आटली तर मोट काय करणार? तेथें मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षां चांगला स्टॅबिलायझर अधिक उपयोगी. तसेंच वैशाखांत बाहेरची हवाच चाळीस अंशांच्या वर जाते. अशा वेळीं बंद कपाटांत कोंडलेलें यंत्र दगा देतें. त्याच्या चारी बाजूंस वारा खेळेल अशी जागा असावी.

थोड्या पैशांत आज तीन वाटा दिसतात. पहिली वाट जुन्या, वजनदार यंत्राची. त्याचा ट्रान्स्फॉर्मर बहुधा शाबूत असतो, परंतु आंतील कपॅसिटर वाळलेले असूं शकतात. त्यांच्या दुरुस्तीचा खर्च किंमतींत धरूनच सौदा करावा. दुसरी वाट ‘डी’ वर्गाच्या लहान, नव्या यंत्रांची. तीं उष्णता थोडी करतात आणि थोड्या किंमतींत खरे वॅट देतात, पण सोबतचा वीजपुरवठा दुबळा असेल तर सारें व्यर्थ. शिवाय कांहीं स्वस्त यंत्रांत स्पीकरच्या अडथळ्याप्रमाणें उच्च स्वरांचा तोल बदलतो. तिसरी वाट व्हॉल्व्हच्या मोहाची. तो आवाज गोड असतो यांत शंका नाहीं, परंतु पांच-दहा वॅटांचा व्हॉल्व्ह हट्टी स्पीकरला जोडणें म्हणजे एका बैलावर मोट हांकणें होय. कोणतीहि वाट धरली तरी एक पथ्य पाळावें : आवाज फाटूं लागला कीं लगेच कमी करावा. दमलेल्या यंत्राला रेटीत राहिलें तर फाटलेल्या आवाजांतील तीव्र स्वर लहान स्पीकरला जाळतात, आणि मग काटकसरीचा सारा लाभ एका संध्याकाळीं जातो.

सर्वांत स्वस्त सुधारणा मात्र दुकानांत मिळत नाहीं. स्पीकर भिंतीच्या जरा जवळ घेतला कीं मंद्र स्वराला आधार मिळतो; ऐकणारा एक पाऊल पुढें सरकला कीं कांहीं वॅट वांचतात. सिमेंटच्या उघड्या खोलींत आवाज घुमतो. तेथें एक जाड सतरंजी, पुस्तकांचें कपाट व पडदे यांनीं जें साधतें तें शंभर वॅटांनींहि साधत नाहीं. माळवदाच्या घरांत आपोआप जें होतें, तें येथें हातानें करावें लागतें.

शहागडच्या तीरावरील कीर्तनाला आतां ध्वनिक्षेपक लागतो. इसवी सन २००० च्या नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत उघड्यावर त्याला सामान्यतः मनाई आहे. यंत्राच्या अंगीं बळ फार झालें म्हणून समाजाला त्याला आंवर घालावा लागला. घरांतल्या यंत्राचा प्रश्न याच्या उलट आहे. तेथें बळ थोडेंच हवें असतें; पण जितकें हवें तितकें, हवें त्या क्षणीं, मूळ सुराला धक्का न लावतां मिळालें पाहिजे. बुवांच्या मागें उभा असलेला चांगला टाळकरी स्वतःचा गळा दाखवीत नाहीं. चरण तेवढा उचलून धरतो आणि शेवटपर्यंत दम राखतो. अशा गुणाचा अ‍ॅम्प्लिफायर ज्याला मिळाला, त्याची थैली लहान असली तरी त्याच्या घरचा नाद लहान राहणार नाहीं.